विश्लेषण : सनद स्वस्त झाली, पण ओळख कुठून आणायची? वंचित घटकांतील वकिलांची वाट नेमकी कुठे अडते?

वकिलीची सनद घेण्यासाठी आता काही हजार रुपये मोजावे लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ मधील निकालानंतर हा खर्च ७५० रुपयांवर आला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी तो १२५ रुपये आहे. मात्र सनद मिळणे वेगळे आणि काम मिळणे वेगळे. ज्यांच्या घरात आधी कोणी वकील नव्हते आणि ज्यांचे नातेवाईक, शेजारी, जातबांधव न्यायालयाच्या आवारात दिसत नाहीत, त्यांच्यासाठी खरी परीक्षा काळा कोट अंगावर चढल्यानंतर सुरू होते. दलित, आदिवासी, मुस्लीम, भटके-विमुक्त आणि पहिल्या पिढीच्या वकिलांचा हा प्रश्न केवळ त्यांच्या पोटापाण्याचा नाही. उद्याचे न्यायाधीश याच रांगेतून निवडले जातात. त्यामुळे या रांगेत कोण टिकते, याच्याशी प्रत्येक पक्षकाराचा संबंध आहे.

चर्चा आताच कशासाठी?

वर्षभरापेक्षाही कमी काळात चार गोष्टी घडल्या. ३० जुलै २०२४ रोजी 'गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांना कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेण्यास मनाई केली. त्याआधी वेगवेगळ्या राज्यांत हे शुल्क साधारण १५ हजारांपासून ४२ हजार रुपयांपर्यंत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरांत दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले. १३ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'ज्येष्ठ वकील' हा दर्जा देण्यासाठीची गुणपद्धत रद्द केली. त्यानंतर आठवडाभरातच, २० मे २०२५ रोजी, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू करण्यात आली.

हे चारही निर्णय स्वतंत्र आहेत. मात्र ते एकाच वाटेवरच्या वेगवेगळ्या टप्प्यांना हात घालतात : व्यवसायात प्रवेश, सुरुवातीची वर्षे, व्यवसायातील मान आणि न्यायासनाकडे जाणारा मार्ग. पहिल्या टप्प्यावरचा अडसर बऱ्याच अंशी दूर झाला. पुढच्या टप्प्यांचे काय, हा प्रश्न त्यामुळेच अधिक ठळक झाला आहे.

'अल्पसंख्य वकील' म्हणजे नेमके कोण?

मराठीत अल्पसंख्याक म्हटले की धार्मिक अल्पसंख्याक डोळ्यांसमोर येतात. वकिलीच्या संदर्भात मात्र अर्थ अधिक व्यापक घ्यावा लागतो. समाजात ज्यांची संख्या मोठी आहे, पण न्यायालयाच्या वरच्या मजल्यांवर जे विरळ दिसतात, ते सारे या व्यवसायातील अल्पसंख्यच. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, मुस्लीम आणि महिलाही त्यात येतात. यातील अनेक जण दुहेरी अडचणीत असतात. तालुक्याच्या गावातून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली, पहिल्या पिढीची दलित महिला वकील एकाच वेळी चार दारांबाहेर उभी असते.

आकडे काय सांगतात?

देशात किती वकील कोणत्या सामाजिक घटकातील आहेत, हे पाहायला वकिलांच्या नोंदवहीत सोय नाही. उच्च न्यायालयांतील न्यायाधीशांबाबत मात्र २०१८ पासून शिफारस झालेल्या व्यक्तींकडून त्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीची माहिती घेतली जाते. केंद्रीय कायदामंत्र्यांनी मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार, २०१८ पासून नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी २२ अनुसूचित जातींचे, १६ अनुसूचित जमातींचे, ८९ इतर मागासवर्गीय आणि ३७ अल्पसंख्याक समाजांतील होते.

टक्केवारीत पाहिले तर अनुसूचित जातींचे प्रमाण साधारण ३ टक्के आणि जमातींचे सव्वादोन टक्के भरते. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत हे प्रमाण अनुक्रमे १६.६ आणि ८.६ टक्के आहे. हे चारही गट एकत्र केले तरी आकडा २३ टक्क्यांच्या आत राहतो.

उच्च व सर्वोच्च न्यायालयांतील नियुक्त्यांमध्ये राज्यघटनेने आरक्षण ठेवलेले नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी बहुतांश नावे त्या न्यायालयातील नामांकित वकिलांतून आणि जिल्हा न्यायाधीशांतून पुढे येतात. म्हणजे न्यायमूर्तींच्या यादीत विविधता हवी असेल, तर ती वीस वर्षे आधी बार रूममध्ये असावी लागते.

वकिलीत ओळखीला एवढे महत्त्व का?

याचे उत्तर व्यवसायाच्या नियमांतच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. दलालांमार्फत, परिपत्रके वाटून किंवा वैयक्तिक संपर्क साधून काम मागता येत नाही. नावाची पाटीसुद्धा माफक आकाराचीच असावी लागते. २००८ मधील दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, नोंदणी क्रमांक, कामाचे क्षेत्र अशी मोजकी माहिती देण्याची मुभा मिळाली, एवढेच. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून वकिलांची जाहिरात करणाऱ्या सेवांविरुद्धही कारवाईचे निर्देश दिले.

वकिली हा धंदा नसून पेशा आहे, हा या नियमामागचा विचार. त्यात तथ्य आहे. अडचणीत सापडलेल्या माणसाला जाहिरातीच्या जाळ्यात ओढले जाऊ नये, हे योग्यच. पण या नियमाचा एक परिणाम क्वचितच बोलला जातो. डॉक्टर दवाखाना टाकतो, अभियंता नोकरीसाठी अर्ज करतो. वकिलाला मात्र जाहिरात बंद, आणि मागायचे म्हटले तर तोही गैरवर्तनाचा भाग. मग अशील येणार कुठून? कोणीतरी सांगितल्यावर. 'आमच्या साहेबांच्या मुलाकडे जा' किंवा 'माझ्या मेव्हण्याचा जुना वकील आहे' या वाक्यांवर वकिली उभी राहते.

नियम सर्वांसाठी सारखा आहे, पण त्याचा भार सारखा नाही. ज्याचे वडील तीस वर्षे त्याच न्यायालयात होते, त्याला जाहिरातीची गरजच नसते. त्याचे आडनाव हीच जाहिरात असते. ज्याच्या नातेवाइकांत ना बिल्डर, ना बँक अधिकारी, ना कारखानदार, त्याच्याकडे येणारे अशीलही त्याच्याच वस्तीतले असतात. त्यांच्या गरजा खऱ्या असतात, पण फी देण्याची ऐपत नसते. मग रिमांड, जामीन, पोटगी आणि प्रतिज्ञापत्रे यातच वर्षे जातात. कंपनी कायदा, करविषयक वाद, लवाद अशा मोठ्या फीच्या कामांची दारे उघडत नाहीत. त्या कामांचा अनुभव नाही म्हणून पुढे ती कामे मिळत नाहीत, असे हे चक्र आहे.

हा प्रश्न आजचाच आहे का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या इतिहासात त्याची दोन टोके दिसतात. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये मुंबईतील पहिले भारतीय बॅरिस्टर म्हणून काम करू लागले. सगळे गोरे बॅरिस्टर असलेल्या न्यायालयात त्यांची वाट सोपी नव्हती. पण त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे सॉलिसिटर होते. त्या काळी उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर बॅरिस्टरकडे काम सॉलिसिटरमार्फतच येत असे. घरातच सॉलिसिटर असण्याचे मोल त्यामुळे लक्षात यावे.

दुसरे टोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. कोलंबिया आणि लंडन येथील उच्च पदव्या आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी असूनही १९२३ मध्ये सनद घेताना त्यांच्याकडे पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी ते दिले. अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नसत. परिणामी त्यांना जिल्ह्या-जिल्ह्यांतील न्यायालयांत जाऊन वकिली करावी लागली. घर चालवण्यासाठी त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदाही शिकवला. १९२६ मध्ये पुण्यातील 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरील गाजलेल्या खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतील नेत्यांची बाजू यशस्वीपणे मांडली. हे काम त्यांच्याकडे चळवळीच्या नात्याने आले होते. बाजाराने नाकारलेल्या वकिलाला समाजाच्या जाळ्याने उभे केले, असा हा दाखला आहे.

महिलांची कहाणीही याच जातीची. मूळच्या नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली. भारतात महिलांना वकिलीचा हक्क देणारा कायदा मात्र १९२३ मध्ये झाला. गुणवत्ता होती, दार तीन दशकांनी उघडले.

व्यवसायातील शिडी प्रत्यक्षात कशी चढली जाते?

माजी सरन्यायाधीश भूषण गवई यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मूळचे अमरावतीचे असलेले गवई १४ मे २०२५ रोजी देशाचे ५२ वे सरन्यायाधीश झाले. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतर या पदावर पोहोचलेले ते दुसरे दलित आणि पहिले बौद्ध. १९८५ मध्ये वकिली सुरू केल्यावर त्यांनी माजी महाधिवक्ता व उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे काम केले. १९८७ पासून मुंबईत स्वतंत्र वकिली आणि नंतर नागपूर खंडपीठ. नागपूर व अमरावती महापालिका आणि अमरावती विद्यापीठ यांचे ते वकील होते. १९९२ मध्ये सहायक सरकारी वकील, २००० मध्ये नागपूर खंडपीठात सरकारी वकील, २००३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय.

यातील पायऱ्या नीट मोजल्या तर शिडी स्पष्ट दिसते. आधी चांगल्या सीनिअरचे चेंबर, मग एखाद्या सार्वजनिक संस्थेचे वकीलपत्र, मग सरकारी वकिलाचे पद. रोज उभे राहण्याची, न्यायमूर्तींच्या नजरेत येण्याची संधी या तीन पायऱ्यांवर मिळते. गवई यांचे वडील रा. सू. गवई हे रिपब्लिकन चळवळीतील मोठे नेते होते, हेही विसरता येत नाही. ज्या तरुणाला असा वारसा नाही, त्याच्यासाठी पहिल्याच पायरीवर पाय ठेवणे अवघड असते. चेंबरमधील जागांसाठी ना जाहिरात निघते, ना मुलाखतींची यादी लागते. तिथेही 'पाठवलंय कोणी?' हाच प्रश्न असतो.

पहिली तीन वर्षे इतकी कठीण का?

ज्युनिअर वकिलाला सुरुवातीला मिळणारी रक्कम अनेक ठिकाणी येण्या-जाण्याच्या खर्चालाही पुरत नाही. काही चेंबरमध्ये ती मिळतच नाही. शिकायला मिळते हेच वेतन, अशी जुनी समजूत आहे. ज्याच्या घरून दरमहा पैसे येतात, तो ही वर्षे काढू शकतो. ज्याने घरी पैसे पाठवायचे असतात, तो दुसऱ्या वर्षी नोकरी पकडतो किंवा गावी परततो. बार कौन्सिलचे विद्यावेतनाचे परिपत्रक याच दुखण्यावर होते. पण ते बंधनकारक नाही. न देणाऱ्या सीनिअरला कोणी विचारणार नाही, आणि ज्या ज्युनिअरला त्याच चेंबरमध्ये टिकायचे आहे तो तक्रार करणार नाही.

त्यात तीन वर्षांच्या वकिलीच्या अटीची भर पडली. न्यायाधीशाला न्यायालयाचा अनुभव हवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा मुद्दा रास्त आहे. मात्र कनिष्ठ न्यायाधीशाची परीक्षा ही गरीब घरातील हुशार मुलामुलींसाठी ओळखीविना पुढे जाण्याची मोठी वाट होती. राज्यांच्या न्यायिक सेवेत आरक्षणही आहे. आता त्या वाटेवर येण्याआधी तीन वर्षे कमाईविना काढायची आहेत. शिवाय अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर लागते. म्हणजे परीक्षेच्या दारापर्यंतही कोणाच्या तरी ओळखीनेच जायचे. ही अट ठेवायची असेल, तर त्या तीन वर्षांत उमेदवार जगणार कसा, याचे उत्तर व्यवस्थेने दिले पाहिजे.

'ज्येष्ठ वकील' दर्जाचा यात काय संबंध?

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम १६ नुसार उच्च व सर्वोच्च न्यायालय काही वकिलांना ज्येष्ठ वकील म्हणून मान देतात. या दर्जाने फी वाढते, न्यायालयात शब्दाला वजन येते आणि पुढे न्यायमूर्तिपदासाठी नाव चर्चेत राहते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी १०० गुणांची पद्धत आणली होती. त्यातील २५ गुण मुलाखतीचे होते. २०२५ च्या निकालाने ही पद्धत गेली आणि निर्णय पुन्हा न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींच्या सामूहिक विचारावर सोपवला गेला. विविधता हवी आणि जिल्हा व कनिष्ठ न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांचाही विचार व्हावा, असे त्याच निकालात म्हटले आहे.

गुणपद्धतीत दोष होते. काही मिनिटांच्या मुलाखतीत वकिलाची पात्रता कळत नाही. पण निकष जितके मोघम, तितका परिचयाचा प्रभाव जास्त, हेही तितकेच खरे. त्यामुळे उच्च न्यायालये नवे नियम कसे करतात आणि दर्जा मिळालेल्यांची सामाजिक व भौगोलिक वर्गवारी दरवर्षी जाहीर करतात की नाही, याकडे लक्ष ठेवावे लागेल.

भाषा आणि शहर यांचा अडथळा किती?

महाराष्ट्रात तालुका व जिल्हा न्यायालयांचे बरेचसे काम मराठीत चालते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे काम मात्र इंग्रजीत होते. मराठीत उत्तम उलटतपासणी घेणारा वकील उच्च न्यायालयात पाऊल टाकताना बिचकतो, तो कायद्याला नव्हे तर इंग्रजीला. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट' परीक्षेचे माध्यम इंग्रजी. राज्याच्या विधी सीईटीत मराठीचा पर्याय आहे. कोण कुठल्या महाविद्यालयात जाणार आणि पुढे कोणत्या वर्तुळात वावरणार, हे इथेच बऱ्याच प्रमाणात ठरते. मोठ्या लॉ फर्म भरतीसाठी मोजक्याच विद्यापीठांत जातात.

शहराचा अडथळा मात्र काही प्रमाणात कमी होत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांना आता मुंबईत खोली न घेता उच्च न्यायालयात उभे राहता येते. नवे बेंच म्हणजे सरकारी वकिलांचे, महापालिकांचे, बँकांचे नवे पॅनेल. जुन्या ठिकाणी जागा आधीच वाटल्या गेलेल्या असतात. नव्या ठिकाणी सुरुवातीपासून समतोल साधता येतो. ही संधी पुन्हा त्याच घराण्यांकडे गेली, तर दोष अंतराला देता येणार नाही.

इतरत्र काय केले गेले?

अमेरिकेत कृष्णवर्णीय वकिलांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी संघटनेने सोडवायचा प्रयत्न केला. अमेरिकन बार असोसिएशनने १९१२ मध्ये, नकळत प्रवेश दिलेल्या तीन कृष्णवर्णीय वकिलांचे सदस्यत्व रद्द करण्याची धडपड केली आणि पुढील अर्जदारांना वंश कळवण्याची अट घातली. १९२५ मध्ये आयोवातील डे मॉइन येथे बारा वकिलांनी नॅशनल बार असोसिएशन स्थापन केली. एकमेकांकडे काम पाठवणे, नवोदितांना मार्गदर्शन, न्यायमूर्तिपदासाठी नावे पुढे करणे अशी कामे अशा संघटनांनी केली. पुढे आशियाई, हिस्पॅनिक वकिलांच्याही संघटना झाल्या. २००३ मध्ये उत्तर अमेरिकेतील दक्षिण आशियाई वकिलांची संघटना उभी राहिली. कॅलिफोर्नियात वकिलांना दर तीन वर्षांनी २५ तासांचे शिक्षण सक्तीचे आहे आणि त्यात पूर्वग्रह ओळखण्याच्या विषयाचाही समावेश आहे. भारतात सनदेनंतरच्या सततच्या शिक्षणाची अशी देशव्यापी सक्ती नाही.

अमेरिकेतील चित्र आता बदलते आहे. मार्च २०२५ मध्ये तेथील समान रोजगार संधी आयोगाने २० मोठ्या लॉ फर्मना पत्रे पाठवून त्यांच्या विविधता कार्यक्रमांचा तपशील मागितला. कंपन्यांच्या मर्जीवर चालणारे कार्यक्रम राजकीय वारे फिरताच डळमळतात, हा त्यातला धडा. वकिलांनी स्वतःच्या वर्गणीतून उभ्या केलेल्या संघटना मात्र टिकून राहतात.

भारतातही उदाहरणे आहेत. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे दरमहा पाच हजार रुपये देणारी योजना सुरू केली. पंजाबने २०२२ मध्ये महाधिवक्ता कार्यालयात अनुसूचित जातींसाठी ५८ पदे ठेवली. पण त्या पदांसाठीची उत्पन्नाची अट पूर्ण करणारे पुरेसे उमेदवार मिळेनात. अखेर २०२५ मध्ये ती अट निम्म्यावर आणावी लागली. ज्यांना मोठी कामे मिळत नाहीत म्हणून पद द्यायचे, त्यांच्याकडेच मोठ्या उत्पन्नाचा पुरावा मागायचा, यातील विसंगती या अनुभवातून समोर आली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये आपल्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना विधी शिक्षणापर्यंत नेण्यासाठी प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेला 'आयडिया' हा उपक्रमही उल्लेखनीय आहे.

वेगळे गट केल्याने बारमध्ये फूट पडेल का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. वकिलाची एकच जात असते, ती म्हणजे काळा कोट, असेही म्हटले जाते. पण ओळखींची जाळी आजही आहेतच. महाविद्यालयाची, चेंबरची, क्लबची, नात्यागोत्याची. त्यांना कोणी गट म्हणत नाही, कारण ती जुनी आणि सवयीची आहेत. ज्यांच्याकडे असे जाळे नाही त्यांनी ते विणायचे म्हटले की मात्र फुटीची भीती पुढे येते.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. उभे राहायला मिळाले तर गुण दिसणार. ज्युनिअरला वर्षानुवर्षे तारीख मागण्यापुरतेच उभे केले, तर त्याची गुणवत्ता मोजणार कशी? तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : समाजाच्या संघटनेतून आलेला वकील त्याच समाजाच्या खटल्यांत अडकून पडेल. दलित वकील म्हणजे ॲट्रॉसिटीचे खटले, मुस्लीम वकील म्हणजे वक्फ आणि तलाकची प्रकरणे, हा शिक्का आजही बसतो. म्हणूनच अशा जाळ्याचे काम केवळ आपापल्यात भेटणे एवढेच असू नये. करकायदा, लवाद, दिवाळखोरी, बौद्धिक संपदा अशा क्षेत्रांत नवोदितांना घेऊन जाणे हे त्याचे खरे काम.

काय करता येईल?

सर्वात आधी मोजणी. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने नोंदणीच्या वेळी ऐच्छिक स्वरूपात सामाजिक पार्श्वभूमीची माहिती घेऊन केवळ एकत्रित आकडे जाहीर करावेत. जे मोजले जात नाही, त्यावर उपायही होत नाही.

दुसरे, चेंबरच्या जागांची नोंद. ज्या सीनिअरना ज्युनिअर हवा आहे त्यांनी तो वकील संघाच्या फलकावर किंवा बार कौन्सिलच्या संकेतस्थळावर कळवावा. ओळखीने भरती करायला कोणाची मनाई नाही. पण निदान जागा आहे हे सर्वांना कळेल.

तिसरे, विद्यावेतनासाठी निधी. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ६ नुसार राज्य बार कौन्सिलला गरजू वकिलांच्या कल्याणासाठी निधी उभारता येतो. राज्य सरकारने त्यात तेवढीच भर घातली, तर पहिल्या तीन वर्षांसाठी गरजू ज्युनिअरना आधार मिळू शकतो. नव्या कायद्याची त्यासाठी गरज नाही.

चौथे, पॅनेल. सरकार, महापालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठे, सरकारी बँका या सार्वजनिक पैशातून वकिलांना फी देतात. त्यांच्या पॅनेलसाठी जाहीर अर्ज मागवावेत, निवडीचे निकष प्रसिद्ध करावेत, किमान अनुभव-उत्पन्नाच्या अटी तपासाव्यात आणि कोणाला किती प्रकरणे दिली याची माहिती वर्षातून एकदा द्यावी. पॅनेलवर नाव असूनही वर्षभर एकही प्रकरण न मिळणे, हे नाव नसण्यासारखेच आहे.

नव्या वकिलाच्या हाती आज काय आहे?

व्यवस्था बदलेपर्यंत थांबणे कोणाला परवडत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या 'लीगल एड डिफेन्स कौन्सेल' योजनेत जिल्हा पातळीवर मानधनावर वकील नेमले जातात आणि सहायक पदासाठी नवोदितांचाही विचार होतो. ओळखीविना रोज फौजदारी न्यायालयात उभे राहण्याची ही दुर्मीळ जागा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलसाठीही अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल जानेवारी २०२३ पासून 'ई-एससीआर'वर मोफत मिळतात आणि घटनापीठांपुढील सुनावण्या मोबाइलवर पाहता येतात. मोठ्या ग्रंथालयाची आणि मोठ्या चेंबरची मक्तेदारी त्याने थोडी तरी सैल झाली आहे.

नियम ३६ काम मागण्यावर बंदी घालतो. शिकण्यावर, लिहिण्यावर आणि एकत्र येण्यावर घालत नाही. महिन्यातून एकदा बार रूममध्ये ताज्या निकालावर चर्चा, कायदेविषयक नियतकालिकात लेख, दोन जिल्ह्यांतील समवयस्क वकिलांनी एकमेकांची प्रकरणे सांभाळणे, हे सारे नियमात बसते. सरकारी वकील कार्यालयात मदतनीस म्हणून काही महिने काढणेही उपयोगी ठरते.

तरीही सगळी जबाबदारी नवोदितांवर टाकून चालणार नाही. आज ज्यांच्याकडे पाच ज्युनिअर आहेत, त्यांनी सहावा ओळखीबाहेरचा घ्यावा, त्याला विद्यावेतन द्यावे आणि वर्षभरात निदान काही प्रकरणांत स्वतः युक्तिवाद करू द्यावा. २०४५ मधील उच्च न्यायालयाची यादी कशी असेल, हे आज कोणत्या चेंबरमध्ये कोणाला खुर्ची मिळते यावर ठरते आहे.